ब्रास बँडच्या कार्यक्रमाला नवे श्रोते कसे आणायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या उत्तरेत, विशेषतः यॉर्कशर आणि लँकेशरमध्ये, गावाला चर्च असतं, क्रिकेटचं मैदान असतं आणि पुष्कळदा स्वतःचा ब्रास बँडही असतो. इथे स्थिरावलेल्या एखाद्या मराठी घरातलं पोर शाळेत कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं पण आखूड पितळी वाद्य, शिकू लागतं, मग बँडच्या तालमीला जाऊ लागतं, आणि त्याला गाडीने सोडायला जाणारे आईवडील वर्षभरात बँडच्या समितीवर जाऊन बसतात. तिथे पहिल्याच बैठकीत विषय निघतो तो रिकाम्या खुर्च्यांचा. मीही अशाच एका समितीत आहे. त्यामुळे जे प्रश्न पुन्हापुन्हा कानावर येतात त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. काही प्रश्न बँडमधल्या जुन्या इंग्रज मंडळींचे आहेत, काही आपल्या माणसांचे.

ब्रास बँड म्हणजे आपला लग्नातला बँडच ना?

लांबचं नातं आहे, पण प्रकार वेगळा. इंग्लिश पद्धतीच्या ब्रास बँडची रचना ठरलेली असते. पितळी वाद्यांचे पंचवीस वादक आणि सोबत तालवाद्यांवर दोन-चार जण. एक छोटा सोप्रानो कॉर्नेट, नऊ कॉर्नेट, एक फ्लूगलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन आणि चार अवजड बेस. यात ट्रम्पेट बसत नाही, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनही नाहीत. कॉर्नेटपासून बेसपर्यंत बहुतेक वाद्यांची नळी निमुळती असते, त्यामुळे सगळ्यांचा मिळून आवाज गोल आणि एकजीव येतो. वरातीतला बँड खणखणीत, हा दाट.

आणि हो, यात वाजवणाऱ्यांना सहसा पैसे मिळत नाहीत. वादकच दरमहा वर्गणी भरतात. वाद्यं आणि गणवेश सहसा बँडच्या मालकीचे असतात. शेजारी बसलेली युफोनियमवाली दिवसा नर्स असते, ट्रॉम्बोनवाला प्लंबर. हे ऐकून भारतातून आलेल्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मग वाजवतात कशाला?"

एके काळी सगळं गाव लोटायचं म्हणतात. मग श्रोते गेले कुठे?

ते बँडला कंटाळून गेले असं म्हणणं बरोबर नाही. बँड आणि गाव यांना बांधणारी गोष्टच गेली.

हे बँड एकोणिसाव्या शतकात गिरण्या आणि कोळशाच्या खाणींच्या आधाराने वाढले. क्वीन्सबरी गावातल्या बँडला १८५५ मध्ये जॉन फॉस्टर या लोकर गिरणीमालकाने आपल्या छत्राखाली घेतलं. तोच आजचा जगप्रसिद्ध ब्लॅक डाइक बँड. ग्राइमथॉर्पचा खाणकामगारांचा बँड १९१७ चा. वाद्यं कंपनीने घेऊन द्यायची किंवा कामगारांच्या पगारातून आठवड्याला थोडे पैसे कापून घ्यायची. बाप ज्या खाणीत, काका त्याच खाणीच्या बँडमध्ये. कार्यक्रमाची जाहिरात करायची वेळच येत नसे, कारण श्रोते कामाच्या जागीच भेटत.

ऑक्टोबर १९९२ मध्ये सरकारने ३१ खाणी बंद करण्याचा बेत जाहीर केला. त्यात ग्राइमथॉर्पची खाण होती. त्याच आठवड्यात ग्राइमथॉर्पचा बँड लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय विजेता ठरला. पुढच्या वर्षी खाण बंद झाली, बँड मात्र आजही वाजतो आहे. गिरण्या बंद पडल्यावर भजनी मंडळं, कामगार रंगभूमी यांचं काय झालं ते परळ-लालबागच्या माणसाला सांगायला नको. वाजवणारे राहिले, ऐकणाऱ्यांचा शेजार उठून गेला.

आजच्या बँडमध्ये अर्धे वादक तालमीसाठी दुसऱ्या गावांहून गाडीने येतात. बँडच्या नावात गावाचं नाव आहे, पण गावातल्या नव्या वस्तीतल्या माणसाला असा बँड आहे हेच ठाऊक नसतं. दुखणं इथे आहे. त्यामुळे उपायही जाहिरातीपेक्षा ओळख वाढवण्याच्या दिशेने शोधावा लागतो.

आमच्याकडे सभागृह निम्मं तरी भरतं. काळजीचं काय?

पुढच्या कार्यक्रमात मध्यंतराला चहाच्या टेबलाजवळ उभे राहा आणि पाहा. वादकांचे नवरे-बायका, आईवडील, जुने वादक आणि शेजारच्या बँडमधून सदिच्छा म्हणून आलेले लोक वजा करा. उरतील ते तुमचे श्रोते. बहुतेक ठिकाणी हा आकडा समितीला आवडत नाही.

नवा श्रोता म्हणजे नेमका कोण धरायचा?

"सगळे" हे उत्तर देणाऱ्या समितीकडे कुणीच येत नाही. एका वर्षी एकच गट धरावा. माझ्या अनुभवात पुढचे लोक लवकर जुळतात. शाळेत कधीतरी पितळी वाद्य शिकलेले आणि पुढे सोडून दिलेले प्रौढ. यांचा कान तयार असतो, फक्त निमित्त हवं असतं. नव्या गृहसंकुलात राहायला आलेली लहान मुलांची कुटुंबं. शनिवारी-रविवारी पोरांना कुठे न्यायचं हा त्यांचा कायमचा प्रश्न. एकटे राहणारे निवृत्त लोक. त्यांना संगीताइतकाच मध्यंतराचा चहा महत्त्वाचा असतो, आणि त्यात काही कमीपणा नाही.

ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, लेस्टर अशा शहरांत दक्षिण आशियाई कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, आणि तिथल्या बँडच्या कार्यक्रमाला मात्र ती फारशी दिसत नाहीत. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

पोस्टर, फेसबुक, स्थानिक वर्तमानपत्र यातलं काय चालतं?

थोडं थोडं सगळंच, आणि एकटं काहीच नाही. नवा माणूस येतो तो कुणीतरी तोंडाने बोलावलं म्हणून. प्रत्येक वादकाने आपल्या ऑफिसातल्या, रस्त्यावरच्या किंवा मुलाच्या शाळेतल्या एकाच माणसाला नाव घेऊन बोलवावं, त्याच्या हातात तिकीट द्यावं, आणि तो आल्यावर दाराशी जाऊन भेटावं. हा शेवटचा भाग लोक हमखास विसरतात. वादक मागच्या खोलीत गणवेशाची बटणं लावत बसतो आणि त्याचा पाहुणा दाराशी अवघडून उभा असतो.

पोस्टर लावायचंच तर तुमच्या जुन्या श्रोत्याऐवजी अनोळखी माणूस डोळ्यासमोर ठेवून लिहा. बहुतेक पोस्टरवर गणवेशातल्या बँडचा फोटो, कंडक्टरचं नाव आणि मागच्या वर्षीच्या स्पर्धेतला क्रमांक असतो. नवख्याला या तिन्हीतून काहीच कळत नाही. त्याला हवं असतं ते असं: कार्यक्रम किती वाजता संपतो, गाडी कुठे लावायची, लहान मुलं चालतात का, रोख पैसे लागतात की कार्ड चालतं, आणि साधारण कशा प्रकारची गाणी असतील. संपण्याची वेळ छापलेलं पोस्टर मला फार कमी वेळा दिसतं. लहान मुलं असलेल्या घराचा निर्णय त्यावरच ठरतो.

व्हिडिओ टाकायचा तर एका धुनेचा, मिनिटभराचा, आवाज नीट आलेला टाका. अठरा वर्षांखालचे वादक दिसत असतील तर पालकांची परवानगी आधी घ्या. सभागृहाच्या मागून मोबाइलवर टिपलेला अख्खा कार्यक्रम टाकू नका. त्यात बँडचा आवाज पत्र्यासारखा येतो आणि ऐकणारा ठरवून टाकतो की आपल्याला हे नको.

प्रवेश मोफत ठेवावा की तिकीट लावावं?

यावर दर बँडमध्ये वर्षातून एकदा भांडण होतं. माझं मत सांगतो. उघड्यावरचा कार्यक्रम मोफत, सभागृहातला तिकिटाचा, मुलांना दोन्हीकडे फुकट.

मोफत म्हटलं की गर्दी होईल ही समजूत फसवी आहे. फुकटाचं आरक्षण केलेला माणूस पाऊस आला की घरी बसतो. पाच-सात पौंड मोजलेला छत्री घेऊन येतो. पण ज्याने ब्रास बँड कधी ऐकलाच नाही त्याने पैसे आधी का मोजावेत, हाही प्रश्न खरा. म्हणून मधला मार्ग पुष्कळांना जमतो: प्रवेश खुला ठेवायचा आणि शेवटी दाराशी डबा घेऊन दोघं उभे राहायचे. कार्यक्रम आवडला असेल तर लोक तिकिटापेक्षा जास्त टाकतात.

देणगीचा आणखी एक फायदा आहे. तुमचा बँड धर्मादाय संस्था म्हणून मान्य असेल आणि देणारा इथला करदाता असेल, तर गिफ्ट एड योजनेत प्रत्येक पौंडामागे सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. त्यासाठी देणाऱ्याचा छोटा फॉर्म भरून घ्यावा लागतो. तिकिटाच्या पैशांवर ही सवलत मिळत नाही. खजिनदाराला हे माहीत असतं, पण डबा धरून उभ्या असलेल्या मुलाला नसतं, आणि फॉर्म टेबलाखालच्या खोक्यात राहतात.

सोडतीची तिकिटं मात्र चालू राहू द्या. वाइनची बाटली, चॉकलेटचा डबा आणि कुणीतरी दिलेला आंघोळीच्या साबणांचा संच यांच्याशिवाय ब्रास बँडचं मध्यंतर पुरं होत नाही.

वाजवायचं काय? तरुणांसाठी सगळा पॉप कार्यक्रम करावा का?

करू नये. पॉप गाणं मूळ गायकाच्या आवाजात ऐकायला तरुणाकडे फोन आहे. त्याच्याकडे नाही ती पंचवीस पितळी वाद्यं दहा फुटांवर एकदम श्वास घेऊन सुरू होतात तेव्हाची छातीतली थरथर. ती पॉप गाण्यात येते तशी जुन्या मार्चमध्येही, म्हणजे संचलनाच्या धुनेतही, येते, आणि संथ भक्तिगीताच्या चालीत तर सगळ्यात जास्त. बँडवाल्यांना वाटतं की या संथ चाली म्हाताऱ्यांसाठी आहेत. पहिल्यांदा आलेल्या लोकांना बाहेर पडताना विचारा, त्यांना आठवत असतं ते हळू वाजलेलंच काही.

मिश्रण कसं करावं याची काही उदाहरणं देतो. गुस्ताव होल्स्टने १९२८ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी 'अ मूरसाइड स्वीट' लिहिलं, खास ब्रास बँडसाठी. त्याचे तीन भाग आहेत. तिन्ही वाजवायची गरज नाही, मधला नॉक्टर्न एकटा वाजवा. दोन वाक्यांत सांगा की हा रात्रीचा तुकडा आहे आणि होल्स्टसारख्या मोठ्या संगीतकाराने तो तुमच्यासारख्याच हौशी बँडसाठी लिहिला. सभागृह चिडीचूप होतं. द्‌वोर्झाक या चेक संगीतकाराच्या नवव्या सिंफनीतला संथ भाग घ्या. इथल्या साठीपुढच्या कुणालाही तो ऐकवला तर तो म्हणेल "ही तर पावाची जाहिरात!" १९७३ मध्ये हॉविस पावाच्या जाहिरातीत, चढावर सायकल ढकलत नेणाऱ्या मुलामागे हीच धून ब्रास बँडवर वाजली होती. ती जाहिरात चित्रपट दिग्दर्शक रिडली स्कॉटने केली होती. आजोबांना पाव आठवतो, नातवाला धून नवी असते, दोघं एकाच बाकावर बसून ऐकतात.

धाडस करायचं असेल तर तेही या परंपरेत बसतं. १९९७ मध्ये जेरेमी डेलर या कलावंताने विल्यम्स फेअरी बँडकडून अ‍ॅसिड हाउस, म्हणजे क्लबांत रात्रभर नाचायचं ते संगीत, वाजवून घेतलं. विमानाच्या कारखान्यातून निघालेला, स्पर्धा गाजवलेला बँड आणि नाचणाऱ्या पोरांचं संगीत. ते जमलं, कारण वादकांनी गंमत म्हणून उरकलं नाही, स्पर्धेच्या तुकड्याइतकं चोख वाजवलं. नव्या श्रोत्यांसाठी म्हणून वाजवलेलं गाणं कच्चं असेल तर त्यांना ते लगेच कळतं, आणि आपल्यासाठी उरलंसुरलं ठेवलंय हेही कळतं.

स्पर्धेचे पंधरा-सतरा मिनिटांचे अवघड तुकडे पहिल्या भेटीत नकोत. त्यातला एखादा भाग चालेल.

हिंदी-मराठी गाणी बसवायची असतील तर?

बसवावीत, पण बेतानं. पहिली अडचण हक्कांची. प्रसिद्ध गाण्याचं नवं अरेंजमेंट, म्हणजे बँडच्या वाद्यांसाठी नवी मांडणी, लिहायला हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. सभागृहाकडे सार्वजनिक वादनाचा परवाना असला तरी ती वेगळी घ्यावी लागते. वेळ जातो, म्हणून दिवाळीच्या कार्यक्रमाची सुरुवात वसंत ऋतूतच करा.

दुसरी अडचण सुरांची. आपल्या चालीत मींड असते, आणि व्हॉल्व्हच्या, म्हणजे कळा दाबून वाजवायच्या, वाद्यावर एका स्वरातून दुसऱ्यात सरकणं अवघड. ट्रॉम्बोनला ते सहज जमतं, पण चाल ट्रॉम्बोनकडे दिली की गाणं जड होतं. आपल्या वरातीच्या बँडमध्ये गायकाची जागा सहसा क्लॅरिनेट घेतो. इथे तो नाही. संथ गाण्याला फ्लूगलहॉर्न द्या. त्याचा आवाज कॉर्नेटपेक्षा मऊ, माणसाच्या गळ्याजवळ जाणारा. जलद गाणी कॉर्नेटवर छान उठतात. आणि तालमीला एकदा तरी ते गाणं गुणगुणत मोठा झालेला माणूस बसवा. कागदावर ठोका बरोबर असतो आणि झुलणं मात्र चुकतं. ते झुलणं कंडक्टरला, आपल्या भाषेत बँडमास्तरला, ऐकूनच कळतं.

लंडनचा बॉलिवूड ब्रास बँड १९९२ पासून हिंदी चित्रपटगीतं वाजवतो. त्याची रचना आपल्या वरातीच्या बँडकडे झुकणारी आहे, त्यामुळे गावच्या बँडने त्यांची हुबेहूब नक्कल करू नये. पण ढोल आणि पितळी वाद्यं इथल्या रस्त्यांवर किती सहज मिसळतात हे पाहायला त्यांना जरूर ऐकावं.

इथल्या मराठी मंडळींना कार्यक्रमाला कसं बोलवायचं?

आधी तुम्ही त्यांच्याकडे जा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं आहे, आणि आता अनेक शहरांत छोटी-मोठी मंडळं आहेत. गणपतीत आणि दिवाळीत त्यांना कार्यक्रमाची भर हवीच असते. पाच-सहा वादकांचा गट अर्धा तास जाऊन वाजवून येतो, पोरं वाद्यांभोवती गोळा होतात, आणि आपला पुढचा कार्यक्रम कधी ते तिथेच सांगता येतं. एका वाक्याचं ते आमंत्रण मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेल्या पोस्टरपेक्षा भारी पडतं.

आणखी एक गट आहे, ज्याचा विचार कुणी करत नाही: भारतातून आलेले आईवडील. ते येतात सहा महिन्यांच्या व्हिसावर, बहुतेक उन्हाळ्यात. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, बाहेर भाषा वेगळी. रविवारी दुपारी बागेतल्या बँडस्टँडवर ब्रास बँड वाजतो, बसायला खुर्ची मिळते, भाषा लागत नाही, पैसे लागत नाहीत. यांच्याइतका कौतुकाने ऐकणारा श्रोता मी पाहिलेला नाही. पोलिस बँड, शाळेतलं संचलन, गणपतीची मिरवणूक अशा कितीतरी आठवणी त्यांच्याकडे आधीपासून असतात. एका आजींनी बेस वाजवणाऱ्या मुलीला थांबवून विचारलं होतं, "बाळ, एवढं ओझं उचलून दमत नाहीस?" भाषांतर मलाच करावं लागलं. मुलीने बेस त्यांच्या मांडीवर ठेवून दाखवला.

ही ओळख तशी जुनीच. मुक्तिफौजेची, म्हणजे साल्व्हेशन आर्मीची, पहिली तुकडी फ्रेडरिक टकरच्या नेतृत्वाखाली १८८२ मध्ये मुंबईत उतरली. रस्त्यावर वाद्यं वाजवत मिरवणूक काढली म्हणून त्यांना अटकही झाली. इंग्लंडमध्ये आजही मुक्तिफौजेचे बँड ब्रास संगीतातला मोठा प्रवाह आहेत.

कार्यक्रम चर्चमध्ये असतो. आपण गेलेलं चालतं का?

हो. कार्यक्रमाच्या दिवशी ते सभागृहच असतं. प्रार्थना नसते, पुढे बसायची सक्ती नसते, चपला-बूट काढायचे नसतात. चर्च इतकं थंड असतं की कोट अंगावरच ठेवावा. बँडच्या समितीने मात्र आमंत्रणात हे एका ओळीत लिहावं, कारण विचारायला लोक संकोचतात आणि न विचारता घरी राहतात.

बँडने बाहेर कुठे वाजवावं?

जिथे लोक आधीच आहेत तिथे. बाग, वाचनालय, रेल्वे स्टेशन, शनिवारचा बाजार. याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे व्हिट फ्रायडे. ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारनंतर जो शुक्रवार येतो त्या संध्याकाळी मँचेस्टरजवळच्या सॅडलवर्थ आणि टेमसाइड भागातल्या गावागावांत मार्चच्या स्पर्धा होतात. १८८४ पासूनची प्रथा. डेल्फ, डॉब्क्रॉस, अपरमिल, ग्रीनफील्ड, एका गावातून दुसऱ्या गावात बँड बसमधून धावत असतात. उतरायचं, रस्त्यावरून एक मार्च वाजवत चालत जायचं, मग थांबून स्पर्धेचा मार्च वाजवायचा, आणि पुन्हा बसमध्ये. परीक्षक बंद कॅरॅव्हॅनमध्ये किंवा पडद्याआड बसलेला, म्हणजे कोण वाजवतंय ते त्याला दिसू नये. रस्त्याच्या दुतर्फा बिअरचे ग्लास घेतलेली, खांद्यावर पोरं घेतलेली माणसं. तिकीट नाही. यातल्या कित्येकांनी सभागृहात बसून ब्रास बँड कधीच ऐकलेला नसतो, पण या रात्री ते कुठला बँड बरा वाजला यावर वाद घालतात.

यातून गावच्या बँडने उचलण्यासारखी गोष्ट लांबीची आहे. लोक दहा मिनिटं उभे राहून ऐकायला तयार असतात. दोन तासांचं तिकीट त्या दहा मिनिटांनंतर विकायचं असतं.

डिसेंबरमध्ये तर प्रत्येक बँड सुपरमार्केटच्या दाराशी नाताळची गाणी वाजवतो. वर्षातले सगळ्यात जास्त कान याच दिवसांत लागतात. लोक डब्यात नाणी टाकतात, मुलं नाचतात, आणि बँड वाद्यं पुसून निघून जातो. कुठला बँड, पुन्हा कुठे ऐकायचा, कुणालाच कळत नाही. खिशात मावेल असं कार्ड छापा, त्यावर मार्च महिन्यातल्या कार्यक्रमाची तारीख, आणि डब्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाने ते नाणं टाकणाऱ्याच्या हातात द्यायचं. एवढं केलं तरी पुष्कळ.

थंडीत पितळी वाद्यांचा सूर उतरतो हे लक्षात ठेवा. मध्येमध्ये वाद्यात फुंकर घालून ती ऊबदार ठेवायला सांगा, नाहीतर नव्या श्रोत्याचा पहिलाच अनुभव बेसूर.

लहान मुलं गोंधळ करतात, जुने श्रोते नाराज होतात. काय करावं?

दुपारचा तासाभराचा, मध्यंतर नसलेला कार्यक्रम कुटुंबांसाठी वेगळा ठेवा. त्यात मुलांनी फिरलेलं, बोललेलं चालेल हे आधीच जाहीर करा. छोट्या चर्चमध्ये अख्खा बँड फार मोठा वाजतो, तेव्हा तान्ह्या मुलांना मागे बसवा.

शिकाऊ मुलांचा बँड आहे. त्यांना कार्यक्रमात कुठे घालायचं?

हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण त्यावर अर्ध सभागृह अवलंबून असतं. शिकाऊ पोरामागे आई, बाबा, आजी, कधी शेजारीण असे तीन-चार श्रोते येतात. पोरांना सुरुवातीला वाजवायला लावलं की त्यांचं झाल्यावर सगळं कुटुंब मध्यंतरात निघून जातं. ज्या मोठ्या बँडसाठी त्यांना बसवायचं होतं तो रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवतो. म्हणून पोरांचा मुख्य भाग मध्यंतराच्या आधी ठेवा आणि शेवटची धून मोठ्यांबरोबर मिळून वाजवायला द्या. तिसऱ्या कॉर्नेटच्या रांगेत मोठ्या माणसाशेजारी बसून दोन ओळी वाजवायला मिळाल्या की पोर खूष, आणि आजी शेवटपर्यंत बसते.

कंडक्टर फार बोलतात, किंवा अजिबात बोलत नाहीत.

दोन्ही वाईट. बँडमधल्या लोकांनाच कळणारे विनोद सगळ्यात वाईट, कारण नवख्याला आपण परक्याच्या घरी आलोय असं वाटतं. प्रत्येक तुकड्याआधी अर्ध्या मिनिटात एक ऐकण्याची खूण सांगावी: "मध्ये सगळे थांबतील आणि फक्त युफोनियम उरेल, तिकडे लक्ष ठेवा." बोलणं वादकांत वाटून दिलं तर उत्तम. कार्यक्रमानंतर मुलांना वाद्यं हातात द्या. जंतुनाशक पुसणी जवळ ठेवा.

स्पर्धा जिंकल्याने श्रोते वाढतात का?

वादक वाढतात. ब्रिटिश ओपन ही स्पर्धा १८५३ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यूत सुरू झाली. राष्ट्रीय स्पर्धेत बँडांचे पाच स्तर असतात, वर चॅम्पियनशिप आणि खाली चौथ्या विभागापर्यंत. या स्पर्धांमुळेच हौशी माणसं इतकं अवघड वाजवू शकतात, यात शंका नाही. पण नव्या माणसाला पहिल्यांदाच स्पर्धेला नेऊ नका. वीसएक बँड एकामागून एक तोच तुकडा वाजवतात. आम्हा लोकांना त्यातच मजा येते, त्याला ती शिक्षा वाटेल.

खाणकामगारांचा इतिहास सांगून लोक येतात का?

येतात, विशेषतः १९९६ साली ग्राइमथॉर्पच्या कहाणीवर बेतलेला चित्रपट आला त्यानंतर. पण त्यावरच किती वर्षं चालणार? आज तिशीतल्या बहुतेकांनी चालू खाण पाहिलेली नाही. इतिहास दाखवायचा तर तो जिवंत असेल तिथे दाखवा. डरहॅममध्ये जुलैतल्या दुसऱ्या शनिवारी खाणकामगारांचा मेळावा भरतो, १८७१ पासून. प्रत्येक खाणगावचा भव्य झेंडा आणि त्यामागे बँड. तिथे 'ग्रेसफर्ड' ही धून वाजते. १९३४ च्या ग्रेसफर्ड खाणीच्या स्फोटात २६६ माणसं गेली, त्यांच्यासाठी रॉबर्ट सेंट या खाणकामगारानेच ती रचली. त्या वेळी टोप्या उतरतात. सभागृहात ती धून वाजवणार असाल तर आधी एवढंच सांगा आणि नंतर लगेच काही बोलू नका.

आपलं जमतंय की नाही हे कसं कळणार?

एकूण डोकी मोजून काही कळत नाही. दाराशी दोन रंगांची तिकिटं ठेवा: पहिल्यांदा आलेल्याला एक रंग, आधी येऊन गेलेल्याला दुसरा. परवानगी घेऊन पहिल्यांदा आलेल्यांचे ईमेल पत्ते लिहून घ्या आणि आठवड्याभरात आभाराचं पत्र पाठवा, पुढच्या तारखेसकट. खरी परीक्षा दुसऱ्या भेटीची. पहिल्यांदा माणूस ओळखीखातर येतो. दुसऱ्यांदा आला तर त्याला आवाज आवडला असं समजावं. तिसऱ्यांदा तो खुर्च्या लावायला मदत करतो, आणि अशा माणसाला समितीने गाठल्याशिवाय सोडू नये.

मला समिती वगैरे काही नको, नुसतं ऐकायचंय. कुठून सुरुवात करू?

मे ते सप्टेंबरच्या रविवारी जवळच्या बागेत बँडस्टँड आहे का पाहा. नगरपालिकेच्या पानावर किंवा बागेच्या फाटकावर उन्हाळ्याचं वेळापत्रक असतं. काही ठिकाणी खुर्च्या मिळतात, काही ठिकाणी चटई न्यावी लागते. व्हिट फ्रायडेला डेल्फला जायचं असेल तर दुपारीच पोहोचा. संध्याकाळी रस्ते बंद होतात आणि गाडी लावायला जागा मिळत नाही.